कच्च्या लिंबाचा हक्क

एखादा अवघड खेळ तुम्हाला येतो आणि समोर बसलेल्याला येत नाही. दोघांनाही जिंकायचं आहे. अशा वेळी त्याला किती सांगायचं? नियम सांगितले की आपलं कर्तव्य संपलं, की आणखी काही देणं लागतो? प्रश्न खेळातला असला, तरी आपल्यासारख्या देश बदललेल्या माणसांना तो खेळाबाहेरही रोज भेटतो.

उदाहरणासाठी ॲग्रिकोला घेऊ. उवे रोझेनबर्ग या जर्मन खेळकाराचा हा पटावरचा खेळ 2007 मध्ये आला आणि 2008 मध्ये जर्मनीत त्याला ‘श्पील देस यारेस’चा अवघड खेळासाठीचा खास पुरस्कार मिळाला. लॅटिनमध्ये ॲग्रिकोला म्हणजे शेतकरी. काळ सतराव्या शतकातला, जागा मध्य युरोप. तुमच्याकडे दोन खोल्यांचं लाकडी घर, पंधरा घरांचा रिकामा पट आणि एक नवरा-बायको. चौदा फेऱ्यांत शेत नांगरायचं, पेरायचं, कुंपण घालायचं, मेंढ्या-डुकरं-गुरं पाळायची, घर वाढवायचं. या जातीच्या खेळांना वर्कर प्लेसमेंट म्हणतात: मधल्या पटावर कामांच्या जागा असतात, आपलं माणूस ठेवलं की ते काम आपलं आणि त्या फेरीपुरती ती जागा बाकीच्यांना बंद. तुम्ही लाकूड उचललंत की शेजाऱ्याचं घर अडतं. ओरडाआरडा नाही, मारामारी नाही, पण एकाची निवड दुसऱ्याची अडचण होतेच.

या सगळ्यावर टांगती तलवार म्हणजे कापणी. चौदा फेऱ्यांत ती सहा वेळा येते आणि प्रत्येक वेळी घरातल्या दर मोठ्या माणसामागे दोन अन्न द्यावं लागतं. जेवढं कमी पडेल, तेवढी भिकेची पानं हाती येतात आणि दर पानामागे शेवटी तीन गुण वजा होतात. पहिली कापणी चौथ्या फेरीनंतर. दोन माणसं, चार फेऱ्या, म्हणजे मोजून आठ कामं. तेवढ्यात चार अन्न जमवायचं. सुरुवातीला हातात दोन-तीन असतं, म्हणून नवख्याला वाटतं, बराच वेळ आहे. तो नसतो.

आता हा खेळ शिकायचा कसा? नियमपुस्तिका आहे, पण आज बहुतेक जण व्हिडिओ बघतात. कॅनडातल्या रॉडनी स्मिथ यांच्या ‘वॉच इट प्लेड’सारख्या वाहिन्यांनी खेळ समजावून सांगण्याची जणू एक विद्याच उभी केली आहे. सोंगट्या मांडायच्या कशा, फेरीत काय आधी, काय नंतर, सगळं हळू, स्वच्छ, न चिडता. तुम्ही थांबवू शकता, मागे जाऊ शकता, तीच दोन मिनिटं सहा वेळा बघू शकता. पाचव्यांदा तेच विचारलं म्हणून कुणी भुवई उंचावत नाही. वयाच्या चाळिशीत नवीन काही शिकणाऱ्याला ही लाज वाचणं किती मोठं असतं, हे परक्या भाषेच्या वर्गात बसलेल्या कुणालाही सांगायला नको. व्हिडिओला नावं ठेवून मी पुढे जाणार नाही. फुकट मिळालेली ही शिकवणी चांगली आहे.

पण तिच्यात एक उणीव आहे आणि ती शिकवणाऱ्याच्या कौशल्याची नाही. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही. तुमचं समजणं कुठे थांबलं, हे त्याला कळत नाही. म्हणून तो सगळे नियम एकाच सुरात सांगतो, आणि नियमांचं वजन मात्र सारखं नसतं.

एक नियम पाहा. मेंढ्या खायच्या असतील, तर चूल किंवा तसं काही साधन हवं. व्हिडिओत हे एक वाक्य असतं, साधनांच्या यादीत कुठेतरी. ते तुम्ही ऐकता आणि तुम्हाला ते कळतंही. मग खेळताना तुम्ही चार मेंढ्या जमवता, खुशीत असता, आणि कापणीच्या वेळी लक्षात येतं की चुलीच्या जागेवर या फेरीत दुसऱ्याचं माणूस बसलेलं आहे. कुरण भरलेलं आणि घरात उपास. नियम तुम्हाला ठाऊक होता. त्याचा परिणाम ठाऊक नव्हता. मूल हवं तर आधी खोली हवी, हाही नियमच. पण खोलीला लाकडाबरोबर दोन बोरू लागतात आणि बोरू फार थोडा येतो, म्हणून ज्यानं तो लवकर उचलला त्याचं घर आधी वाढतं आणि मग उरलेला सगळा डाव त्याच्याकडे एक माणूस जास्त, हे नियमांत कुठेही लिहिलेलं नसतं. नियम ऐकून कळतो. परिणाम कळायला एक तर भोगावं लागतं, नाहीतर भोगलेल्या माणसानं वेळेवर सांगावं लागतं.

हा खेळ बाडहूव्हडॉर्पमध्ये बसून खेळलात, तर पायाखालची जमीनच याची साक्ष देईल. जिथे आज हे गाव आहे, स्खिपोलची धावपट्टी आहे, हूफडॉर्प आहे, तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हारलेमचं सरोवर होतं. भोवती कालवा खणून, बांध घालून, तीन अजस्र वाफेचे पंप लावून ते उपसलं. त्यातला एक पंप लाइंडनला, म्हणजे इथून सायकलच्या टप्प्यात. 1852 मध्ये तळ उघडा पडला आणि सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन मिळाली, समुद्रसपाटीच्या चारेक मीटर खाली. सरकारनं ती सरळ रेषांत आखली आणि लिलावात विकली. कागदावर सगळं चोख होतं: कुठला तुकडा कुणाचा, कुठला रस्ता कुठे, पाट कुठून. थोडक्यात, नियम सांगून झाले होते.

पण सरोवराच्या तळावर शेती कशी करतात हे तिथे गेलेल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती कुणी केलेलीच नव्हती. पहिल्या वर्षांत चिखल, खराब पाणी, हिवताप आणि पटकी यांनी लोकांचे हाल केले. शाळा, वैद्य, धड रस्ते मागाहून आले. किती जणांनी नेटानं कष्ट केले आणि तरीही जमीन सोडली. सरकारनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. फक्त जमीन दिली आणि पाठ फिरवली.

याच काळात याकोबुस पाउलुस आमर्सफोर्ट नावाचा कायदा शिकलेला गृहस्थ इथे आला. पुढे तो या नगरपालिकेचा महापौरही झाला. त्यानं ‘दे बाडहूव्ह’ नावाचं आदर्श शेत उभं केलं आणि नव्या पद्धती, वाफेची यंत्रं करून पाहिली. तो श्रीमंत होता, त्याला चुकणं परवडत होतं, हे खरंच. पण आदर्श शेत म्हणजे तरी काय? दुसऱ्याला बांधावर उभं राहून बघता येईल असं शेत. काय पिकलं आणि काय बुडालं, दोन्ही दिसेल असं. गावाला आज जे नाव आहे, ते या शेताचं आहे.

आपल्याकडे यासाठी एक फार शहाणी सोय होती आणि ती मोठ्यांनी नव्हे, मुलांनी शोधली होती: कच्चा लिंबू. लपाछपीत, डबा ऐसपैसमध्ये, लंगडीत धाकट्या भावंडाला घ्यावंच लागायचं. मग तो कच्चा लिंबू. तो पळतो, लपतो, पकडला जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो खेळाबाहेर बसून बघत नाही आणि त्याला कुणी नियमांवर व्याख्यानही देत नाही. तो आत असतो, फक्त त्याच्या चुकीची किंमत त्या दिवसापुरती माफ असते. कुठला कोपरा लपायला वाईट, हे तो पकडला जाऊनच शिकतो. काही दिवसांनी तोच म्हणतो, मी आता कच्चा नाही. व्हिडिओ तुम्हाला नियम देऊ शकतो, पण कच्चा लिंबू करून घेऊ शकत नाही. ते फक्त सोबत खेळणारेच करू शकतात.

इथे तुमचे आक्षेप मला ऐकू येतात. पहिला: समोरचा मोठा माणूस आहे. त्याला कच्चा लिंबू म्हणणं हा अपमान नाही का? दुसरा: हरल्याशिवाय कोण शिकलंय? आपणही भिकेची पानं घेऊनच शिकलो. तिसरा, आणि सगळ्यात खरा: तो प्रतिस्पर्धी आहे. चुलीची आठवण मी करून दिली, तर चूल तोच घेणार आणि उपाशी माझं कुटुंब राहणार.

यातला दुसरा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो. ‘आम्ही सोसलं, त्यांनीही सोसावं’ याला आपण शिकवण म्हणतो, पण पुष्कळदा तो नुसता हिशेब असतो. सासू-सुनेच्या किती पिढ्या या हिशेबानं गेल्या. हरण्यातून माणूस शिकतो, पण त्याला निदान आपण कशामुळे हरलो हे कळलं पाहिजे. दोन तास गोंधळून बसलेला माणूस एवढंच शिकतो की हा खेळ आपल्यासाठी नाही.

पहिल्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. टेबलावर एक जण असतोच, जो नवख्याच्या प्रत्येक चालीवर म्हणतो, ‘हे नको, ते घे.’ दोन तासांनी नवखा जिंकतोही, पण शेत त्याचं नसतं. म्हणून मला रेघ इथे ओढावीशी वाटते: परिणाम सांगावा, निवड सांगू नये. ‘चूल घे’ असं म्हणू नये. ‘पुढच्या फेरीनंतर कापणी आहे, तुला चार अन्न लागेल, आणि चुलीशिवाय मेंढी खाता येत नाही’ एवढं म्हणावं आणि गप्प बसावं. मग तो चूल घेईल, मासे धरेल किंवा मुद्दाम भिकेचं पान पत्करेल. ते त्याचं. आणि सांगायचं ते वेळेवर. कापणीनंतर ‘अरे, चूल घ्यायला हवी होतीस’ म्हणणारा शिकवत नसतो, मिरवत असतो.

राहिला तिसरा आक्षेप. हो, सांगितलं की आपलं नुकसान होऊ शकतं. पण तुम्ही जे शिकलात, त्याची किंमत कुणाला दिलीत? व्हिडिओवाल्याला तुमचं नावही ठाऊक नाही. त्याचं ऋण त्याला परत करायचा रस्ता नाही. आपल्या परंपरेत माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो म्हणतात. त्यातलं ऋषिऋण ऋषींना परत द्यायचं नसतंच, ते फेडतात शिकून आणि पुढे शिकवून. ज्याला आपला चेहरा दिसत नव्हता त्याच्याकडून घेतलं, तर ज्याचा चेहरा आपल्याला दिसतो त्याला द्यायचं. आणि जो समोरच्याच्या अज्ञानामुळे जिंकतो, त्यानं तो डाव खेळून जिंकला असं म्हणणंही कठीण आहे.

हे टेबलापुरतं राहिलं असतं, तर एवढं लिहिलं नसतं. पण आम्सटलफेनपासून हूफडॉर्पपर्यंत दर महिन्याला नवी मराठी कुटुंबं येतात, आणि तीही हा देश व्हिडिओतून शिकतात. बीएसएन कसा मिळतो, डिजिडी कसं काढतात, कचरा कुठल्या डब्यात, सगळ्यावर व्हिडिओ आहेत, मराठीतही. नियम त्यांना येण्याआधीच पाठ असतात. आरोग्यविमा चार महिन्यांत घ्यायचा, हे त्यांना ठाऊक असतं. तो चौथ्या महिन्यात घेतला तरी हप्ता मागच्या तारखेपासून भरावा लागतो, हे बिल आल्यावर कळतं. हाउसआर्ट्सकडे जायला आयगन रिसिको लागत नाही, हे ऐकलेलं असतं. त्यानं लिहून दिलेल्या रक्ततपासणीला लागतो, हे मागाहून कळतं, आणि ही स्वतः सोसायची रक्कम गेली कित्येक वर्षं 385 युरो आहे. यातलं लपवलेलं काहीच नाही. फक्त कुणीतरी त्याच्या घरची कापणी कधी आहे हे बघून, आधी सांगायला हवं होतं.

आणि इथेही जागा मोजक्याच असतात. भाड्याचं एक घर आणि बघायला रांग. ओळखीच्या नव्या माणसाला तुम्ही सांगितलंत की अर्जाबरोबर कुठली कागदपत्रं आधीच जोडावीत, तर घर त्याला मिळेल आणि तुम्हाला नाही, असं होऊ शकतं. म्हणून ‘मला नक्की माहीत नाही हो’ असं म्हणण्याचा मोह होतो. तो मोह कुणाला होत नाही असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की तुम्ही आलात तेव्हा कुणीतरी तो आवरला होता. बहुधा एखाद्या काकूंनी, एखाद्या ऑफिसातल्या दादानं, त्यांना काही मिळणार नसताना.

तेव्हा पुढच्या वेळी टेबलावर नवखा कुणी आला, तर त्याला लिंक पाठवा, जरूर पाठवा. मग शेजारी बसा. पहिला डाव गुणांसाठी नाही हे सगळ्यांसमोर, हसत, आधीच ठरवून टाका. कापणी जवळ आली की आकडा सांगा. आणि तो चुकीच्या जागी माणूस ठेवायला लागला, तर हात आवरा. दुसऱ्या डावात त्यानं तुमची चूल अडवली, तर तुम्ही चांगलं शिकवलंत असं समजा.