आतला आवाज

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाबरोबर एक जुनी गोष्ट नेमाने वाढली जाते. चिवडा संपत आला आणि चहाची वाट पाहणे सुरू झाले, की वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणते, "एकोणसत्तर सालच्या दिवाळीत..." गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी सगळे ती ऐकतात. मी त्या वेळी जन्मलोही नव्हतो. पण ती इतक्यांदा ऐकली आहे की त्या दिवशी ओसरीवर मीही बसलो होतो, असेच मला वाटते.

त्या दिवाळीत आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ एका ओळीला बसून फराळाला बसले नाहीत. कारण शेताच्या बांधाचे नव्हते, वाटणीचे नव्हते, जावाजावांच्या धुसफुशीचेही नव्हते. कारण होते राष्ट्रपतींची निवडणूक. आणि त्या निवडणुकीत त्या दोघांपैकी एकालाही मत नव्हते!

तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगलोरला काँग्रेसच्या श्रेष्ठींनी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पक्षाचे उमेदवार म्हणून ठरवले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते मनातून रुचले नव्हते, तरी रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांनी सही केली. इकडे गिरींनी पदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून अर्ज भरला. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पुढाऱ्यांशी बोलणी केली. मग पंतप्रधानांनी पक्षादेश काढण्यास नकार दिला, आणि सभासदांनी आपापल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, असे सांगण्यात आले. 'आतला आवाज' हा शब्द त्या ऑगस्टमध्ये असा घरोघरी शिरला.

१६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० ऑगस्टला निकाल लागला. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मते पडली. फरक १४,६५०. मी शाळामास्तर आहे, तेव्हा गणित केल्यावाचून मला राहवत नाही. ही मते म्हणजे माणसे नव्हेत. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. म्हणजे शेवटच्या मोजणीत तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते, तर राष्ट्रपती बदलले असते. तेरा माणसांचा आतला आवाज! आणि मतदान गुप्त असल्यामुळे ती तेरा माणसे कोणती, हे कोणालाच सांगता येणार नाही.

पण आमच्या ओसरीवर सगळ्यांना सगळे ठाऊक होते. आजोबा तालुक्यातले जुने काँग्रेसवाले, खादीचे व्रत घेतलेले. ते म्हणायचे, "स्वतः सही केलेल्या उमेदवाराला पाडायचं आणि त्याला विवेक म्हणायचं? मग फितुरी कशाला म्हणतात?" धाकटे आजोबा नुकत्याच १९ जुलैला झालेल्या चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाने हरखून गेलेले. ते म्हणायचे, "दादा, पक्ष म्हणजे काही देव नव्हे. मत सभासदाला दिलंय, पक्षाला नव्हे. चुकीच्या आज्ञेपुढं मान तुकवायची, यात कसली आलीय शिस्त?"

आज शांतपणे विचार केला, तर दोघांचेही बोलणे मला तोलामोलाचे वाटते. चार माणसे एकत्र येऊन काही ठरवतात तेव्हा शब्दाला किंमत असावी लागते. प्रत्येकाने ऐन वेळी आतल्या आवाजाचे नाव सांगून पाय मागे घेतला, तर पक्षच काय, गावची जत्राही पार पडणार नाही. उलट, माणसाने आपली बुद्धी कायमची दुसऱ्याच्या खुंटीला टांगून ठेवली, तर त्याच्यात आणि गोठ्यातल्या बैलात अंतर काय राहिले? शिस्त आणि विवेक ही दोन्ही खरी मूल्ये आहेत. म्हणून त्यांचा झगडा हा भल्या-बुऱ्याचा झगडा नसतो. दोन भल्या गोष्टींचा असतो. असले झगडे फार कडवट होतात, कारण दोन्हीकडच्या माणसांना आपण सत्पक्षात आहोत याची खात्री असते.

पण ओसरीवरच्या त्या वादात आणखी एक माणूस होते. आमची आजी. तिचे माहेर महाडकडचे. निकालाच्या दिवशी दोघे भाऊ तावातावाने भांडत असताना ती चहा घेऊन आली आणि धाकट्या आजोबांना म्हणाली, "भाऊजी, तुम्ही गिरी गिरी करता, हे रेड्डी रेड्डी करतात. आमच्या महाडकडच्या माणसाचं नाव दोघांपैकी एकानं तरी घेतलंत का?"

तिचे बरोबर होते. तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख होते. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मेघदूत मराठीत आणणारे संस्कृतज्ञ. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे होते आणि १,१२,७६९ मते मिळवून तिसरे आले होते. पण आजीला त्यांची विद्वत्ता आठवत नव्हती. तिला आठवत होते १९५६ साल. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा या गृहस्थाने देशाचे अर्थमंत्रिपद सोडले होते.

"तेव्हा तुम्हीच पेढे आणले होते ना हो?" तिने आजोबांना विचारले. "तेव्हा म्हणाला होता, याला म्हणतात कणा. मग तेव्हाचा तो कणा आणि आताची ही फितुरी, हे ठरवायचं कुणी?"

आजोबा गप्प बसले. धाकटे आजोबा हसले, तर तिने त्यांनाही सोडले नाही. "आणि भाऊजी, गिरींना कम्युनिस्टांची आणि द्रमुकची मतं पडली, ती काय एकेकाच्या आतल्या आवाजानं पडली? त्यांच्या पक्षांनी ठरवलं म्हणूनच ना? तिथली शिस्त बरी चालते तुम्हाला!"

आजी चौथी शिकलेली होती. पण मला वाटते, या प्रश्नावर मोठमोठ्यांनी जे लिहिले त्यापेक्षा तिने चुलीपासून ओसरीपर्यंत येताना अधिक नेमके बोट ठेवले. आपल्या बाजूला जो येतो त्याचा आवाज आतला. आपल्याला सोडून जो जातो त्याचा आवाज कोणीतरी बाहेरून घातलेला. येणारा विवेकी, जाणारा विकला गेलेला. शब्द दोनच, पण कोणता कोणाला लावायचा, हे आपण त्याच्या मनात डोकावून ठरवत नाही. तो कोणत्या दिशेने चालला आहे, एवढे पाहून ठरवतो.

आणि या न्यायनिवाड्यात आपला स्वार्थ किती सहज मिसळतो! पुढे मला कळले की धाकट्या आजोबांना विहिरीवर इंजिन बसवायचे होते आणि आता बँक शेतकऱ्याला उभे करील अशी त्यांची आशा होती. आजोबा तालुका कमिटीवर होते आणि त्यांची तिथली खुर्ची ज्यांच्या मर्जीवर होती, ते पुढारी श्रेष्ठींच्या गटातले होते. म्हणून दोघे लबाड होते का? मुळीच नाही. दोघेही मनापासून बोलत होते. स्वार्थाची गंमतच ही आहे, की तो आपल्या कानात बोलतो तेव्हा हुबेहूब विवेकाचा स्वर काढतो.

मग खरा आतला आवाज ओळखायचा कसा? एक खूण आजीने सांगून ठेवलीच होती: त्याची किंमत मोजावी लागते. अर्थमंत्रिपद सोडण्यात चिंतामणरावांचा काही लाभ नव्हता. ज्या आवाजामागून नेहमी नफाच येतो, त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे. पण एवढी एक खूण पुरेशी नाही. हट्टी माणूसही किंमत मोजतो. आडमुठेपणापायी लोकांनी घरेदारे घालवली आहेत. म्हणून मला दुसरी खूण अधिक भरवशाची वाटते. ज्याने स्वतःचा आतला आवाज खरोखर ऐकला आहे, तो दुसऱ्यालाही तसा आवाज असू शकतो हे मान्य करतो. रात्री स्वतःशी भांडून ज्याने निर्णय घेतला, त्याला ठाऊक असते की पलीकडच्या घरातही कोणीतरी तसाच जागा असेल.

हे मी मोठ्या शहाणपणाने लिहीत आहे खरे. पण ही कसोटी मला लागली तेव्हा मी नापास झालो. काही वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांच्या पतपेढीची निवडणूक होती. आमच्या शाळेतल्या मंडळींचे एक पॅनेल ठरले होते. माझे एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांनी मला पहिल्या वर्षी वर्गावर उभे राहायला शिकवले, ते आयत्या वेळी म्हणाले, "मला तुमचा उमेदवार पटत नाही. मी दुसऱ्याला मत देणार." आम्ही थोडक्या मतांनी हरलो. शिक्षक-खोलीत सर्वांदेखत मी त्यांना फितूर म्हटले. त्यांनी उत्तर दिले नाही; खडूची पेटी उचलली आणि तासावर गेले. त्याच निवडणुकीत पलीकडच्या पॅनेलमधला एक जण आमच्याकडे आला होता. त्याला मी चहा पाजला होता आणि "माणूस सद्सद्विवेकी आहे हो," असे चार ठिकाणी सांगितले होते!

ही विसंगती माझ्या ध्यानात आली ती पुढच्या दिवाळीत, नेहमीची गोष्ट ऐकताना. आजीचे वाक्य आले आणि माझ्या हातातली चकली हातातच राहिली. सुटी संपल्यावर सरांची क्षमा मागायची असे ठरवले. पण सर सुटीच्या आधीच निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. मी पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. पत्र पोचले नसेल, किंवा पोचले असेल. दोन्ही शक्यता मनाशी धरून जगण्याची मी सवय करून घेतली आहे.

राष्ट्रपतींची निवडणूक आली, की मला हे सगळे आठवते. पक्षाने आदेश काढून सभासदाचे हात बांधावेत, असे ही निवडणूक मानत नाही. मत गुप्त आणि सभासद मोकळा. म्हणूनच दर वेळी निकालानंतर कोण फुटले याची मोजदाद सुरू होते. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या, तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराला सोडून मराठी उमेदवाराला मते दिली. कोणाला तो अभिमान वाटला, कोणाला दगा. कोणते बरोबर, हे मी इथे सांगणार नाही. मी एवढेच विचारीन, की जे त्या दिवशी अभिमानाने बोलले, ते उलटी गोष्ट घडली असती तर काय बोलले असते? आणि ज्यांना दगा वाटला, ते?

१९६९ चा वाद निकालाने मिटला नाही. रेड्डींची बदनामी करणाऱ्या एका निनावी पत्रकावरून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७० साली राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला हजर राहिले आणि शेवटी निवडणूक कायम राहिली. त्याआधीच, त्या दिवाळीच्याच दिवसांत, १२ नोव्हेंबर १९६९ रोजी पंतप्रधानांना पक्षातून काढण्यात आले आणि काँग्रेस दुभंगली. आमच्या घरी तेवढे झाले नाही. चूल एकच राहिली, देवघर एकच राहिले; फक्त दोघा भावांचे बोलणे कामापुरते उरले. "बी-बियाणं आलं का?" "आलं." एवढेच. एका अंगणात राहून माणसे किती दूर राहू शकतात, हे मुलांनी तेव्हा पाहिले.

जुलै १९७७ मध्ये तेच नीलम संजीव रेड्डी राष्ट्रपती झाले. आणि तेही बिनविरोध. रेडिओवर बातमी लागली. संध्याकाळी धाकटे आजोबा तालुक्याहून पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि ओसरीवर आजोबांसमोर ठेवून उभे राहिले.

"दादा, तुझा माणूस आला."

आजोबांनी पुडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आठ वर्षं उशीर झाला रे. शिळे नाहीत ना?"

दोघेही हसले. कोणाचे चुकले होते, याचा निवाडा त्या दिवशी झाला नाही आणि पुढेही कधी झाला नाही. आजोबा शेवटपर्यंत शिस्तीचे राहिले, धाकटे आजोबा विवेकाचे. पण वाद पेटला की दोघांपैकी एक जण म्हणायचा, "असंही असेल बाबा." या तीन शब्दांनी कोणाची बाजू लंगडी झाल्याचे मला आठवत नाही.

यंदा फराळाला बसताना आपल्याही घरी वाद निघेल, निघावा. मी मात्र सरांना आणखी एक पत्र लिहिणार आहे.