पशूचे पोट आणि आपले पुण्य

मेंढीच्या मांसाची चर्चा या पानांवर कशासाठी, असे आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. परंतु या व्यावहारिक विषयात एक धर्मविचार दडलेला आहे, आणि तो शाकाहारी गृहस्थालाही चुकत नाही.

मेंढी हा रवंथ करणारा प्राणी. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्म जीव गवताचे अन्न करून देतात. कुरणावर वाढलेल्या मेंढीचे मांस बहुधा गडद, कमी चरबीचे व उग्र वासाचे असते. हिरव्या चाऱ्यातील ई जीवनसत्त्वामुळे त्याचा रंग अधिक काळ टिकतो. धान्य चारले तर मेंढी लवकर भरते, चरबी वाढते, वास सौम्य होतो. मात्र तेच धान्य एकाएकी व अतोनात दिले, तर पोटात आम्ल माजून जनावर दगावतेही. व्यापाऱ्याला वजन हवे असते. पोटाची मर्यादा त्याच्या हिशेबात सहसा येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. सुरत हे भूतदयेचे जुने शहर. १६९० मध्ये तेथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने गाई, घोडे, बकऱ्या, कुत्री यांच्यासाठी चालविलेल्या रुग्णालयाचे वर्णन करून ठेवले आहे. आजही उत्तरायणाला गुजरातेत गाईंना घुघरी, म्हणजे शिजविलेले धान्य, चारण्याची रीत आहे. भाव निर्मळ खरा. परंतु एकाच गाईपुढे पन्नास घरांचे पुण्य ओतले गेले, की तिच्याही पोटात तेच आम्ल माजते.

व्यापाऱ्याला वजन हवे, आपल्याला पुण्य हवे. पोट मात्र दोन्हीकडे मुक्या प्राण्याचे. हेतूंत अंतर आहे आणि ते लहान नाही. पण हेतू शुद्ध म्हणून गाईची वेदना कमी होत नाही. गीतेने सात्त्विक दानाला देश, काल व पात्र यांचा विवेक सांगितला आहे. पात्राला काय पचेल, हा विचारही त्या विवेकातच येतो, असे आम्हांस वाटते.

म्हणून मंदिराच्या दारी किंवा पांजरापोळात घास देण्यापूर्वी तेथील राखणदाराला विचारावे : आज हिने काय खाल्ले आहे? तो वैरण द्या म्हणाला, तर वैरणच द्यावी. तिच्या पेंढीला लाडवांच्या टोपलीची शोभा नाही. पण ती खाऊन गाय सुखाने रवंथ करीत बसते.