ऋणाचा कागद आणि इंद्रायणीचे पाणी

सज्जनहो, गेल्या चैत्रात रिसोड तालुक्यातील एका गावी सप्ताह होता. काल्याच्या आदल्या रात्रीची कीर्तनसेवा माझ्याकडे होती. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडल्याचा प्रसंग सांगितला. कीर्तन बरे रंगले. आरती झाल्यावर मागच्या रांगेतील एक माळकरी पुढे आला, पायावर डोके ठेवले आणि हळूच म्हणाला, "बुवा, तुकोबारायानं खतं बुडवली तं ते संत झाले. मंग आमी ब्यांकेचं बुडवलं तं आमीच काहून चोर?"

भोवतालची मंडळी हसली. मीही हसलो आणि "अहो, त्यांनी घेणे बुडविले, तुम्ही देणे बुडविता!" असे चटपटीत उत्तर देऊन मोकळा झालो. उत्तर खोटे नव्हते. पण तो माणूस हसला नाही. प्रसाद न घेताच गेला. माळकरी प्रसाद न घेता जातो तेव्हा कीर्तनकाराचे काही चुकलेले असते. रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्याचे घर विचारीत गेलो.

घरी कळले ते असे. सहा एकर कोरडवाहू. सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस लागून राहिला, शेंगांना कोंब फुटले. पीककर्जातील बरीच रक्कम आधीच लेकीच्या लग्नात गेली होती. ३१ मार्च उलटून गेला होता. मोटार-पाइपाचे कर्ज वेगळे, त्याचे हप्ते थकलेले. वर गावातल्या एकाकडून शेकडा पाच रुपये दरमहाने एक लाख उचललेले. मोटारीच्या कर्जाला जामीन राहिला तो त्याच्याच दिंडीतील विणेकरी. त्या बिचाऱ्याच्या मुलाला शिक्षणासाठी कर्ज हवे होते. बँकेने बापाचे नाव तपासले, तो दुसऱ्याच्या थकबाकीचा जामीन निघाला, आणि प्रकरण अडले. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद.

तो म्हणाला, "बुवा, औंदा वारीले जात नाही. ज्याले तोंड दाखवता येत नाही, त्याच्या पायाले हात कसा लावू?"

आता मला प्रश्न समजला. त्याला खते बुडवायची नव्हती. देणेकऱ्याला वारकरी राहता येते की नाही, एवढेच त्याला विचारायचे होते.

सज्जनहो, ऋण हा शब्द आपल्याला परका नाही. मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे तीन ऋण घेऊनच जन्मतो, असे वेद सांगतात. तेव्हा ऋणी असणे हे पाप नव्हे. पाप कोठे सुरू होते, हे पाहायचे.

तुकोबारायांचेच चरित्र नीट पाहा. घराण्यात महाजनकी होती. इ. स. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून गेली. त्यानंतर महाराजांनी खते काढली. परंतु ती सारीच बुडविली नाहीत. निम्मी धाकट्या बंधूंच्या, कान्होबांच्या वाट्याला दिली आणि केवळ आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. यात सगळे आले. जे आपले आहे तेच सोडण्याचा आपल्याला अधिकार. दुसऱ्याचे घेणे आपण बुडविले तर तो त्याग होत नाही.

दामाजीपंतांची कथा तर घरोघरी माहीत आहे. मंगळवेढ्याची कोठारे उपाशी लोकांसाठी उघडली. पांडुरंगाने बादशहाची मती फिरवून हिशेब विसरायला लावला असता तर त्याला कोण अडविणार होते? पण विठू महार होऊन देव बिदरला गेला, पैसा भरला आणि पावती घेतली. भक्ताची पत देवाने भरून राखली, बुडवून नाही.

येथे कोणी म्हणेल, ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने काय भरावे? प्रश्न रास्त आहे. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपला वाशिम होता. तेथे नीतीचे डोस पाजणे हे मोठे पाप होईल. देऊ शकत नाही तो वेगळा आणि देत नाही तो वेगळा. पण दोघेही तोंड लपवू लागले की जगाला सारखेच दिसतात. म्हणून पहिला धर्म पैशाचा नाही, खरे बोलण्याचा आहे.

हल्ली 'सिबिल' म्हणून एक वही निघाली आहे. ही संस्था २००० साली स्थापन झाली. ती ३०० ते ९०० पर्यंत गुण देते. ७५० च्या वर असले तर पत चांगली समजतात. हप्ता चुकला की नोंद होते, आणि जामीनदाराच्या नावावरही त्याची छाया पडते. आपली नोंद वर्षातून एकदा फुकट पाहता येते. ती पाहावी, चूक असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करावा. लोक तिला चित्रगुप्ताची वही म्हणतात. मला ते पटत नाही. चित्रगुप्त हेतूही लिहितो; ही वही केवळ तारीख लिहिते. म्हणून तिला भ्यावे तितकेच, आणि तिची तारीख मात्र पाळावी.

व्यवहारही सांगतो. मुदतीत फेडले तर केंद्र व राज्य यांच्या सवलती मिळून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचे व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की ती सवलत जाते. उलट शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला साठ. वीस महिन्यांत व्याज मुदलाएवढे. व्याज मुदलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम मनूने घातला. आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. अशा सावकाराने जमीन लाटली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. 'सावकार' शब्दातला 'साव' म्हणजे साधू. साधुपण गेल्यावर उरते काय? माफीचे म्हणाल तर २००८, २०१७ आणि २०१९ साली ती झाली. मिळाली तर प्रसाद म्हणून घ्यावी. पण तिच्या भरवशावर हप्ता थांबविणे म्हणजे काल्याच्या आशेवर पेरणी सोडणे होय.

त्या दिवशी मी त्याला एकच म्हटले, "आधी बँकेत जाऊ नका, विणेकऱ्याच्या घरी जा." गेला. दोन घटका दोघेही बोलले नाहीत. मग विणेकऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून बँकेत गेले. सारे खरे सांगितले, हप्ते बांधून घेतले. मुलाचे प्रकरण अजून अडलेलेच आहे. गावातल्या एकाचे देणेही उरले आहे. मी गोष्ट गोड करून सांगत नाही.

परंतु आषाढीला दोघे एका दिंडीत चालले. मुक्कामी पाया पडण्याची वेळ आली तेव्हा देणेकरी क्षणभर थांबला. विणेकरीच आधी वाकला.

कागद पाण्यात गेला की नाही, हे मला ठाऊक नाही. दोघांमधली लाज मात्र तेवढी वाहून गेली.

राम कृष्ण हरि.