स्वस्त बुद्धी कोणाच्या बाजूची?

आदिलाबाद-उटनूर रस्त्यावरचे इंद्रवेल्ली हे कापसाच्या पट्ट्यातले गाव. गोंडी, तेलुगू आणि मराठी अशा तिन्ही भाषा इथे कानावर पडतात. आपोआप चालणारे यंत्र म्हणजे काय, हे अशा मुलखातल्या शेतकऱ्याला स्मार्ट बल्ब दाखवून सांगावे लागत नाही. त्याने ऑटोस्विच पाहिलेला आहे.

शेतीची थ्री फेज वीज अवेळी यायची. रात्री दोन वाजता उठून विहिरीवर जाण्यापेक्षा स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला बरा; वीज आली की मोटर आपोआप सुरू. एका शेतकऱ्यापुरता हा शहाणपणाच होता. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनी तोच केला की वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठायच्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून डीपी जळायची. शिवाय गरज नसतानाही पाणी उपसले जायचे. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज सुरू झाली, त्याआधी सरकारला ऑटोस्टार्टर काढून टाका, अशी मोहीम हाती घ्यावी लागली. महाराष्ट्रात महावितरणही ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे सांगत आले आहे.

ऑटोस्विचला एकच गोष्ट कळत होती: वीज आली. विहिरीत पाणी किती, जमीन ओली की कोरडी, शेजारच्या मोटारी आत्ताच उठताहेत का, यातले काही त्याच्या गावी नव्हते. त्याला शेजारधर्म नव्हता. तो शिकवायचा तर यंत्रात थोडी बुद्धी घालावी लागली असती, आणि त्या काळी ती मोटरच्या मानाने महाग होती.

ही अडचण २०१४ नंतर सुटत गेली. सिंगापूरच्या टिओ स्वी आन यांनी २००८ मध्ये शांघायमध्ये स्थापन केलेल्या एस्प्रेसिफ सिस्टिम्स या कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप त्या वर्षी बाजारात आली. तोवर एखाद्या उपकरणाला वायफाय द्यायचे तर प्रोसेसर वेगळा, रेडिओ वेगळा, शिवाय जोडणीचे सुटे भाग असा पसारा लागे. इथे ३२ बिटांचा प्रोसेसर, रेडिओ, सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि अँटेनाचा स्विच हे सगळे एकाच तुकड्यात होते. या चिपचे मॉड्यूल मोजक्या डॉलरांत मिळू लागले. माहितीपत्रके चिनी भाषेत होती, ती जगभरच्या हौशी लोकांनी एकमेकांना समजावून दिली. पुढच्याच वर्षी ती चिप शाळकरी मुलांनाही जमेल अशा आर्डुइनोच्या पद्धतीने चालवता येऊ लागली.

२०१६ मध्ये दोन प्रोसेसर आणि ब्लूटूथ असलेली ईएसपी३२ आली. मोबाइलच्या चिपला लागते तसले अद्ययावत तंत्र हिला लागत नाही. ती ४० नॅनोमीटरच्या जुन्या, हात बसलेल्या प्रक्रियेत बनते, हे तिच्या स्वस्ताईचे एक कारण. आज तिचा तयार बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा हैदराबादच्या कोटीत पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने शंभर कोटींहून अधिक चिपा विकल्याचे जाहीर केले.

बुद्धी स्वस्त झाली, हे यावरून सिद्ध होते. ती कोणाच्या सांगण्यावरून चालते, हा पुढचा प्रश्न.

स्मार्ट बल्बचेच बघा. मोबाइलवर बोट ठेवले की अनेक बल्बांच्या बाबतीत आज्ञा राउटरमधून बाहेर पडते, कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत त्याच खोलीतल्या, दोन हातांवरच्या बल्बकडे येते. चिपची ही गरज नाही. ही चिप स्वतःचे वायफाय उभे करू शकते आणि इंटरनेट नसताना मोबाइलला थेट उत्तर देऊ शकते. फेरा पडतो तो कंपनीच्या सोयीने: ग्राहक ॲपशी बांधला जातो आणि त्याच्या वापराची नोंद हाती लागते. याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. गुगलने विकत घेतलेल्या नेस्टने रिव्हॉल्व्ह हा तीनशे डॉलरांचा हब मे २०१६ मध्ये कायमचा बंद केला. एप्रिल २०२२ मध्ये इनस्टिऑनचे सर्व्हर अचानक थांबले आणि धडधाकट उपकरणे ॲपला ओळख देईनाशी झाली. जिथे नेटची रेंज येते-जाते तिथे तर असा बंद रोजचाच होईल.

सर्व्हर सरसकट नकोच, असे मात्र म्हणता येणार नाही. गावाबाहेरून घरचा पंखा बंद करायचा तर मध्ये कोणीतरी निरोप्या लागतोच. सुरक्षेच्या चुका दुरुस्त करणाराही कोणी हवा; २०१६ मध्ये मिराय या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले हजारो कॅमेरे ताब्यात घेतले होते. पण निरोप्याने घराचा कारभारी होऊ नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या सामायिक मानकाने घरातल्या उपकरणांनी घरातच बोलावे, हा मार्ग धरला, तो म्हणूनच योग्य आहे.

मालकाच्या हाती निर्णय ठेवणारे यंत्र मराठी मुलखात आधीच होऊन गेले आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचे नॅनो गणेश मोबाइलच्या जाळ्यावर चालते. शेतकरी साध्या फोनवरून विहिरीवर वीज आहे का ते विचारतो आणि मग मोटर चालू-बंद करतो. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. वायफायची चिप एवढ्या दूरच्या शिवारात पोचत नाही, तिचे राज्य घर-अंगणापुरते. पण धडा तिलाही लागू आहे: यंत्राने बातमी द्यावी, ठरवावे माणसाने.

ऑटोस्विचचे दुखणे मात्र या स्वस्त चिपला वायफायशिवायही सहज आवरता येईल. वीज आल्यावर प्रत्येक मोटरने वेगवेगळी काही मिनिटे थांबायचे. प्रोग्रॅमच्या दहा-बारा ओळींचे काम. अवघड आहे ते त्या ओळी कोणी आणि कोणासाठी लिहायच्या, हे. एकट्या शेतकऱ्याला पाणी आधी हवे, डीपीला सबुरी हवी, कंपनीला विक्री हवी. चिप तिघांपैकी कोणाचेही ऐकेल. तिला बाजू नसते, लिहिणाऱ्याला असते.

म्हणून दोन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकणाऱ्याला या चिपमध्ये प्रोग्रॅम भरणे त्याच्या भाषेत शिकवावे, म्हणजे बंद पडलेले उपकरण उटनूरला किंवा किनवटला दुरुस्त होईल. दुसरी, खोक्यावर खरे छापावे. भारतात जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर वीजबचतीचे तारे सक्तीचे आहेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून स्मार्ट उपकरणाला सुरक्षेची दुरुस्ती किमान किती काळ मिळेल, हे सांगणे बंधनकारक आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक ओळ घालावी: हे इंटरनेटशिवाय चालते की नाही. पंखा किती वॅट खातो हे विचारायला आपण शिकलो, तसेच तो कोणाचे ऐकतो हेही दुकानात, पैसे देण्याआधी विचारायला हवे.