अनोळखी आसाचे गोत्र

नवखा माणूस भेटला की ‘आपण मूळचे कुठले?’ हे विचारल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. आडनाव, गाव, आजोळ अशा पायऱ्यांनी आपण त्याला ओळखीच्या कुठल्यातरी फांदीवर नेऊन बसवतो आणि मगच निश्चिंत होतो. हाच प्रश्न दोन मण लोखंडाला विचारण्याची पाळी अलीकडे माझ्यावर आली. त्यातून जो नीतीचा पेच उभा राहिला, तो फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

माझ्या एका स्नेह्यांना जुन्या मोटारींचा नाद आहे. तीसच्या दशकातली एक इंग्रजी गाडी ते गेली काही वर्षे जुळवीत आहेत. सांगाडा होता, इंजिन होते. मागचा आस तेवढा नव्हता. तो एका भंगारवाल्याकडे मिळाला. ‘याच गाडीचा आहे, साहेब,’ असे त्याने शपथेवर सांगितले. मराठीत आस म्हणजे इच्छाही. आणि स्नेह्यांची ही दुसरी आस इतकी दांडगी, की त्यांनी पहिल्याचे बारसे तिथल्या तिथे उरकून टाकले.

लोखंड बोलत नाही, हे खरे नव्हे. विचारण्याची रीत मात्र यावी लागते. चाकावर खडूने एक खूण करायची, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकावर दुसरी. दोन्ही चाके मिळून नेमका एक फेरा फिरवायची आणि दांड्याचे फेरे मोजायचे. एक चाक जखडलेले असेल तर मोकळे चाक दोनदा फिरवावे लागते, कारण डिफरन्शियल गतीची वाटणी करतो. आमचा दांडा चार फेऱ्यांहून किंचित जास्त फिरला. झाकण काढून दाते मोजले. मोठ्या क्राउनचे ३७, लहान पिनियनचे ९, भागाकार ४.११. फोर्डच्या मॉडेल ए गाडीतही ही जोडी मिळत असे. पण तिच्या मागच्या आसाला एकच आडवी कमान असते, आणि आमच्या आसावर दोन बाजूंना लांब पाट्यांच्या बैठका होत्या. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या बराच खाली होता. ही हायपॉइडची खूण. मोटारींत ही रचना अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये आणली.

मग आटे पाहिले. इंग्रजांचा जुना व्हिटवर्थ आटा ५५ अंशांचा, अमेरिकन आटा ६० अंशांचा. मापाची दातेरी पट्टी खोबणीत धरली की सोंग टिकत नाही. आमचा आटा ६० अंशांचा निघाला, आणि मापे इंचांची. १९४८ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा समाईक आटा मान्य केला, हे खरे. म्हणजे हा आस एकतर अमेरिकन, नाहीतर त्या करारानंतरचा इंग्रजी. तीसच्या दशकातल्या त्या गाडीचा तो नव्हे, एवढे नक्की. कोणाचा, ते मात्र कळेना. स्पायसर, सॅलिसबरी, टिमकेन अशा कारखान्यांचे आस अनेक मोटारकंपन्या विकत घेत; एकाच घरची मुले निरनिराळ्या आडनावांनी नांदत.

“बसतो ना नीट? मग लावून टाकू, आणि माहितीच्या पाटीवर ‘मूळचा’ असे लिहू. कोण वाकून बघतो?” स्नेही म्हणाले. कायदाही त्यांच्या बाजूला उभा असल्यासारखा. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदायची गाडी पन्नास वर्षांवरची हवी आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. आसाचा तिथे नावाने उल्लेख नाही.

स्नेही बहुश्रुत आहेत. त्यांनी थेट मिलिंदप्रश्नाला हात घातला. राजा मिलिंद रथातून आला, तेव्हा नागसेन भिक्षूने त्याला विचारले की दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येकाला ‘नाही’ हेच उत्तर आले. तेव्हा रथ हे केवळ व्यवहाराचे नाव. “मग माझ्या पाटीवरच्या नावाचे एवढे काय?” आणि वर लंडनचा दाखला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटले. तिचे भाग पुढे इतके बदलले की ती तीच गाडी का, यावर १९९० मध्ये तिथल्या उच्च न्यायालयात वाद झाला. न्यायाधीशांनी ते नाव तिच्याकडेच ठेवले.

दोन्ही दाखले मला मान्य आहेत, पण ते स्नेह्यांच्या कामाचे नाहीत. बेंटलेला नाव मिळाले ते तिच्या आयुष्याचा धागा कुठे तुटला नव्हता म्हणून. आमच्या आसाचा धागा भंगारवाल्याच्या दारातच तुटतो. आणि नाव व्यवहारासाठी असते, हे नागसेनाचे म्हणणे धरले, तर व्यवहार कोणाशी, हेही पाहिले पाहिजे. स्नेह्यांच्या पश्चात ही गाडी कोणीतरी चालवणार. तिच्या जुन्या पुस्तकात मागच्या आसाला साधे तेल घाला असे छापले आहे. हायपॉइडला जबर दाब सोसणारे खास तेल लागते. ‘मूळचा’ हा शब्द वाचून उद्याचा मिस्त्री साधे तेल ओतील आणि दाते खाऊन टाकील. त्याहून वाईट म्हणजे, हा आस अर्धतरंगी पद्धतीचा आहे: चाक थेट शाफ्टच्या टोकावर तोललेले असते. चुकीच्या नावाने चुकीचा शाफ्ट मागवला, तो बसतो म्हणून बसवला आणि घाटात मोडला, तर चाक गाडी सोडून जाऊ शकते. आत कोणाची तरी मुले बसलेली असतील. त्यांना नागसेन ठाऊक नसेल.

परका आस लावण्यात मला काडीचा दोष दिसत नाही. सुटे भाग मिळेनासे झाले की आपल्या मिस्त्र्यांनी परके भाग बसवून गाड्या चालत्या ठेवल्या, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. दत्तक घ्यावा, फक्त दत्तकपत्र लपवू नये.

तीन दिवस स्नेही माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी पाटीचा मजकूर पाठवला: ‘मागचा आस मूळचा नाही. दाते ३७ व ९. हायपॉइड. आटे ६० अंश, इंची. घडवणारा अज्ञात.’ खाली ‘बहुधा अमेरिकन’ लिहून ते खोडले होते. मी ते राहू द्या म्हणालो. ‘बहुधा’ हा शब्द प्रदर्शनात गरिबासारखा दिसतो, असे त्यांचे मत. त्यावर अजून वाद चालू आहे. दोन्ही शाफ्ट तूर्त तड्यांच्या चुंबकीय तपासणीला गेले आहेत.