दोन तबकड्यांतले साम्य

एकच चित्रपट कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीवर आहे आणि संगणकावर लिहिलेल्या रेकॉर्डेबल डीव्हीडीवरही आहे, असे आपण सहज म्हणतो. पण हे एकत्व नेमके कुठे वसते? भारतीय तत्त्वज्ञांनी या जातीच्या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला. न्याय-वैशेषिकांच्या मते अनेक गाईंना आपण गाय म्हणू शकतो, कारण त्या सर्वांत गोत्व ही एक नित्य, खरीखुरी जाती असते. बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि त्यांच्यानंतर धर्मकीर्ती यांनी हे नाकारले. गाय म्हणजे जे अ-गाय नाही ते. अर्थ घडतो तो इतरांना वगळण्यातून. हाच अपोहवाद. डीव्हीडीची रचना पाहिली की या वादात तिची साक्ष बौद्धांच्या बाजूने पडते, असे माझे मत आहे.

छापील तबकडीत साच्याच्या दाबाने प्लास्टिकवर खरेखुरे खळगे उमटतात. त्यांतला सर्वांत आखूड खळगा अवघा ०.४ मायक्रॉन लांब असतो. लिहिण्याच्या तबकडीत असे खळगे नसतातच. तिथे लेझर एका सेंद्रिय रंगद्रव्याला तापवतो आणि त्या जागी प्रकाश परतण्याचे प्रमाण बदलते. एकीकडे आकार, दुसरीकडे रंगद्रव्यातला बदल, म्हणजे द्रव्य वेगळे आणि गुणही वेगळा. तरी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर दोन्हींतून तोच चित्रपट उभा करतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की खळगा म्हणजे ‘एक’ आणि सपाट भाग म्हणजे ‘शून्य’ असा हिशेब इथे नाहीच. एकातून दुसऱ्यात जाण्याची कड हा ‘एक’, आणि कड नसणे हे ‘शून्य’. अर्थ खळग्यातही नाही आणि सपाटीतही नाही. तो त्यांच्या भेदात आहे. शिवाय आठ बिटांची माहिती तबकडीवर सोळा चिन्हांनी लिहितात, आणि त्या सोळांच्या ६५,५३६ शक्य रचनांपैकी मोजक्याच चालतात. दोन कडा फार जवळ किंवा फार दूर येतील अशा सगळ्या रचना आधीच बाद होतात. एकपदरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात ते इतक्या रचना वगळल्यावर आणि चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांना जागा दिल्यावर. क्षमता म्हणजे खात्रीने ओळखता येतील अशा भेदांची मोजदाद.

यावर नैयायिक विचारेल की खळगा आणि रंगद्रव्याचा डाग दोन्ही एकच परिणाम घडवतात, तर त्यांच्यात काहीतरी समान असलेच पाहिजे. दोन्हीकडून प्रकाश कमी परततो, हेच ते सामान्य. आक्षेप वजनदार आहे. पण किती कमी? एकपदरी तबकडीचा चकचकीतपणा साधारण ४५ ते ८५ टक्के असतो, दुपदरी तबकडीचा १८ ते ३० टक्के. म्हणजे दुपदरी तबकडीवर जो ‘उजेड’ ठरतो, तो एकपदरीच्या मापाने अंधुकच. सर्व तबकड्यांना लागू पडेल असे उजेडाचे किंवा अंधाराचे एकच माप नाही. प्रत्येक ठिकाणी शेजारच्या भागाशी असलेला फरक तेवढा वाचला जातो. धर्मकीर्तीने या प्रश्नाला वनौषधींचा दाखला देऊन उत्तर दिले होते. ताप उतरवणाऱ्या वनस्पती अनेक आणि परस्परांहून भिन्न असतात; त्यांचे कार्य सारखे, म्हणून त्यांच्या पोटात एकच जाती मानण्याची गरज नाही.

मीमांसक कुमारिल भट्टांचा आक्षेप याहून धारदार आहे. अ-गाय वगळायची तर आधी गाय ठाऊक हवी, आणि गाय कळायची तर अ-गाय ठाऊक हवी. मग सुरुवात कुठून करायची? इथे मला वाटते की भेद आणि त्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी ठरतात. डीव्हीडीचे मानक ठरवताना कोणी आधी ‘एक’ ओळखून मग ‘शून्य’ शोधला नाही; एकाच संकेताने दोन्ही निश्चित झाले. मात्र त्यामुळे संकेताचे महत्त्व मान्य करावे लागते, आणि शब्दार्थाच्या मुळाशी संकेत असतो हा नैयायिकांचा आग्रह इथे खरा ठरतो. नुसत्या वगळण्याने भागत नाही.

मग सगळे मानण्यावरच आहे का? मुळीच नाही. दुपदरी छापील डीव्हीडीतले ८.५ अब्ज बाइट ४.७ अब्जांच्या तबकडीत जसेच्या तसे कोणत्याही संकेताने बसत नाहीत. आणि ८.५ ही ४.७ ची दुप्पटही नाही, कारण आतला थर बाहेरच्या अर्धपारदर्शक थरातून वाचावा लागतो, म्हणून खळगे थोडे लांब ठेवावे लागतात. पदार्थ आणि प्रकाश आपली मर्यादा घालतातच. धर्मकीर्तीला हे अमान्य नव्हते. जे कार्य घडवू शकते ते सत्, ही त्याची कसोटी. खळगे आणि रंगद्रव्य त्या कसोटीला उतरतात. उतरत नाही ती त्या दोघांत वसणारी तिसरी, नित्य वस्तू. रंगद्रव्य काही वर्षांनी फिके पडते आणि भेद पुसले जातात, तेव्हा तबकडीतले द्रव्य कुठेही जात नाही, पण तिच्यावरचा चित्रपट संपतो. तो चित्रपट जाती म्हणून तिथे होता असे मानले, तर नित्य जातीचा आश्रय शाबूत असताना ती दिसेनाशी का झाली, याचे उत्तर नैयायिकांना द्यावे लागेल. धर्मकीर्तीला ते द्यावे लागत नाही.