घरी सांगता येतं का?

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत धानाचे चुकारे खात्यात पडले की चार-आठ दिवस बाजाराचा नूरच पालटतो. कृषी केंद्राची उधारी फिटते, गहाण पडलेला डाग सुटतो, लेकरांना कपडे येतात. त्याच दिवसांत आणखी एका वाटेनं पैसा जातो आणि त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नाही. आमच्या झाडीपट्टीत त्याला सट्टापट्टी म्हणतात. मुंबई-पुण्याकडचे लोक मटका म्हणतात.

परवा एका तरुणानं मला सरळच विचारलं, "काकाजी, मी सट्टा नाही लावत. सरकारी लॉटरीचं तिकीट घेतो. शंभर रुपये गेले तर गेले. त्याहून जास्तीचा खर्रा लोक आठवड्यात खातात. मग माझं काय चुकलं?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला पाप-पुण्याच्या गोष्टी सांगून गप्प करणं सोपं होतं, पण ते उत्तर झालं नसतं. म्हणून आजचा हा लेख त्याच्यासाठी.

सट्टा आणि सरकारी तिकीट यांचं नातं जुनं आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेनं मुंबईला यायचे आणि त्यांवर पैजा लागायच्या. हे भाव येणं १९६१ मध्ये थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आकडे काढायच्या आपापल्या पद्धती सुरू केल्या. कापूस गेला, 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द मात्र राहिले आणि मुंबईच्या गिरणगावातून निघून गावोगाव पोचले. लोकांना या मटक्यापासून आणि बेकायदा जुगारापासून दूर ठेवायचं म्हणून महाराष्ट्र सरकारनं १२ एप्रिल १९६९ रोजी स्वतःची लॉटरी सुरू केली. केरळनं दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, हे काम केलं होतं. पुढं तामिळनाडूनं २००३ मध्ये आणि कर्नाटकानं २००७ मध्ये लॉटरी पार बंद केली. एकाच देशात, एकाच गोष्टीबद्दल शेजारशेजारच्या राज्यांनी असे उलटे निर्णय घेतले. त्यामुळं तो तरुण गोंधळला असेल तर दोष त्याचा नाही.

आता हिशेब करू. सट्ट्यात एक आकडा लावला तर दहापैकी एक संधी, आणि लागला तर साधारण नऊ पट मिळतात. जोडी लावली तर शंभरात एक संधी आणि नव्वद पट. म्हणजे नुसतं गणित पाहिलं तर शंभर रुपयांमागे दहा रुपये जातात. सरकारी तिकिटाचं गणित याहून कितीतरी कडक आहे. सहा आकडी तिकिटाचे दहा लाख नंबर होतात. २०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास होती. तेव्हा सालेकशापासून केशोरीपर्यंतच्या सगळ्या माणसांतून एकाच माणसाचं नाव निघावं, तशी ही संधी. मालिका अनेक असल्या तर त्याहूनही कमी. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तो शेवटी तिकीट घेणाऱ्याच्याच खिशातून जातो.

मग गणितानं सट्टा बरा आणि तिकीट वाईट ठरतं का? नाही. घरं बुडाली ती सट्ट्यानं बुडाली. दहा लाखांत एक संधी असलेलं तिकीट दिवाळीला एकदा घेऊन कोणाचं शेत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. याचा अर्थ घात संधीच्या आकड्यात नसतो. पैसे लावणं, निकाल पाहणं आणि लगेच पुन्हा लावणं यांत किती वेळ जातो, त्यात तो असतो.

हे देशाच्या संसदेला ठाऊक होतं, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याच्या चौथ्या कलमात अटी घातल्या आहेत. एकेरी अंकावर बक्षीस देता येणार नाही. कोणत्याही लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत काढता येणार नाही. बंपर सोडती वर्षाला सहाच. ज्यानं कोणी ही कलमं लिहिली, त्याला रोग नेमका कळला होता. एकेरी अंक म्हणजे पुन्हा पुन्हा थोडंसं जिंकण्याची चटक. रोजची सोडत म्हणजे कालची हार आज भरून काढायची घाई. दुर्दैव असं, की राज्यांनी एका लॉटरीच्या जागी वेगवेगळ्या नावांच्या अनेक लॉटऱ्या काढल्या. प्रत्येकीची आठवड्याला एक सोडत, म्हणजे कायदा पाळला गेला. पण तिकीट घेणाऱ्याला मात्र रोज एक सोडत मिळू लागली. कायद्याचा शब्द राहिला आणि हेतू गेला. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण इथं फसवणारा कोणी चोरटा आकडेवाला नाही. राज्याची मोहोर असलेला कागद आहे.

सट्टापट्टीचा कागद पाहिलाय का कधी? बोटभर चिटोरं असतं. त्यावर आकडा, रक्कम आणि नावाचं आद्याक्षर. आकडा कुठून येतो तर रात्रीच्या स्वप्नातून, समोरून गेलेल्या एसटीच्या नंबरावरून, पाहुण्याच्या गाडीच्या पाटीवरून. स्वप्नात साप दिसला तर कोणता अंक, प्रेत दिसलं तर कोणता, याची कोष्टकं लोकांना तोंडपाठ असतात. ज्या माणसाला खताच्या पोत्यावरचं वजन तपासून घ्यायचा कंटाळा असतो, तो गेल्या महिन्यातले सगळे ओपन-क्लोज वहीत मांडून त्यांत सूत्र शोधत बसतो. ही बुद्धी वाया जाताना पाहणं मला पैशाच्या नुकसानीपेक्षा जास्त लागतं. हुशार माणसं असतात ही. खाचरात पाणी किती ठेवायचं, तुडतुडा कधी येणार, हे त्यांना बांधावरून चालताना कळतं. आणि तीच माणसं ज्यात कसलंच सूत्र नाही, तिथं रात्र जागवतात.

रोज पन्नास रुपयांची पट्टी लावणारा स्वतःला जुगारी म्हणवत नाही. पण पन्नासाचे वर्षाला सव्वाअठरा हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे पावणेआठ क्विंटल धान झालं. अर्ध्या एकराच्या आसपासचं पीक. त्या अर्ध्या एकरात रोवणीला कमरेत वाकलेल्या बाईला विचारा, हा पैसा किरकोळ आहे का म्हणून. अधूनमधून पट्टी लागते हे खरं, पण लागलेले पैसे घरी येत नाहीत. ते त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मोठ्या आकड्यावर परत जातात.

इथं लोक एक उत्तर ठरलेलं देतात: "शेती काय कमी जुगार आहे? पाऊस आला तर आला. तिथं लाख लावतो, इथं पन्नास." या बोलण्यात दुःख आहे, ते मी नाकारत नाही. इटियाडोह धरणाचं पाणी किती मिळेल याची खात्री नाही, कापणीला आलेलं धान अवकाळीत झोपतं, मिरचीला भाव येईल तर येईल. खरेदी केंद्रावर माल दिला तरी चुकाऱ्याची वाट महिनोन् महिने पाहावी लागते. ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या मर्जीवर चालतं, त्याला ठरल्या वेळी निकाल देणारा आकडा विश्वासाचा वाटला तर नवल नाही. पण शेतीला जुगार म्हणणं हा शेतीवर अन्याय आहे. वेळेवर रोवणी केली, पऱ्हे नीट जपले, फवारणी चुकवली नाही, तर पिकाची शक्यता वाढते. तुमच्या कष्टाचं तिथं ऐकलं जातं. पीक गेलं तरी बैलापुरती तणस उरते. सट्ट्यात तुम्ही वीस वर्षं घालवली तरी एकविसाव्या वर्षी तुमची संधी पहिल्या दिवसाइतकीच असते. अनुभवाला जिथं काही मोलच नाही, त्या कामाला शेतीच्या शेजारी बसवू नये.

मग त्या तरुणाला मी काय सांगितलं? एवढंच विचारलं, की तिकीट ठेवतोस कुठं? तो म्हणाला, देवाच्या फोटोमागं. घरी माहीत आहे? आईला माहीत आहे, म्हणाला. सोडतीच्या दिवशी आईच विचारते.

माझ्या मते त्याचं उत्तर त्यातच होतं. आईला माहीत असलेलं, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी घेतलेलं, गेलं तर सगळ्यांनी मिळून हसून सोडून द्यावं असं तिकीट ही करमणूक आहे. मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक बघायला माणूस पैसे देतो, ते परत मिळतील म्हणून नाही देत. तिकीट आठ दिवस घरभर बोलणं पुरवतं: बक्षीस लागलं तर आधी विहीर की आधी लेकीचं लग्न. त्या बोलण्यात कधीकधी घरातल्या माणसांच्या मनातलं पहिल्यांदा बाहेर येतं. त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

पण जी पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात लपवावी लागते, ती पाच रुपयांची असली तरी करमणूक नव्हे. कारण तो पैसा एकट्याचा नसतो. धान एकट्यानं पिकवलेलं नसतं. तेंदूपानाच्या हंगामात पहाटे जंगलात गेलेली बायको, मिरची तोडायला तेलंगणात गेलेला भाऊ, म्हातारीची निराधार योजनेची रक्कम, हे सगळं मिळून त्या घरचा पैसा झालेला असतो. त्यातला वाटा न विचारता लावणं म्हणजे घरच्यांच्या कष्टावर परस्पर निर्णय घेणं. हरण्याआधीच तिथं चूक झालेली असते. उद्या पट्टी लागली तरी ती चूक पुसली जात नाही. जिंकल्याची बातमीसुद्धा ज्याला घरी सांगता येत नाही, तो काय जिंकला?

नशिबाची ओढ माणसातून काढून टाकता येत नाही, आणि काढायचीही गरज नाही, हे आमच्याकडच्या बायांना पुरुषांच्या आधी कळलं. दहा-बारा जणी भिशी लावतात. महिन्याला प्रत्येकीचे पाचशे. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या, आणि एखाद्या लहान पोराला बोलावून एक उचलायला लावायची. पोरगं चिठ्ठी उलगडेपर्यंत सगळ्या श्वास रोखून बसतात. कोणाला पावसाळ्याआधी कौलं बदलायची असतात, कोणाला मुलीची फी भरायची असते. नाव निघालं की आनंद तोच, लॉटरीचाच. फरक इतकाच, की हरत कोणी नाही. आज नाही तर चार महिन्यांनी, ज्याचे त्याला मिळतात. नशीब फक्त क्रम ठरवतं. माझ्या वाचनातल्या कितीतरी नीतिग्रंथांत इतका नेमका तोडगा मला सापडला नाही.

पण भिशीच्या या शहाणपणावर हल्ली मोबाइलवरच्या जुगारानं मात केली आहे. आता पट्टी लिहिणारा शोधत फिरावं लागत नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली आणि पोलिसांनी धाड घातली ती आपल्या गोंदिया शहरातल्या एका घरावर. कोट्यवधींची रोकड आणि सोनं निघालं. तो व्यापारी, त्याच्याकडं होते म्हणून ५८ कोटी गेले. आपल्याकडच्या पोराकडं चुकाऱ्याचे वीस हजार असतात, जातात तेही तसेच, आणि त्याची बातमी होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं केलं. पण कायदा झाला म्हणून खेळ थांबत नाही, हे १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा असलेल्या आपल्या राज्याला तरी कोणी सांगायला नको. त्या कायद्याखाली आजही पकडला जातो तो पट्टी लिहिणारा पोरगा. त्याच्याजवळ काही शे रुपये आणि एक पेन सापडतं. वर बसून धंदा चालवणारा सापडत नाही.

सरकारकडं माझं मागणं आहे आणि ते गमतीचं नाही. महाराष्ट्रात अल्पबचत आणि राज्य लॉटरी ही दोन्ही कामं वित्त विभागात एकाच आयुक्तालयाकडं दिलेली आहेत. लोकांना पैसा साठवायला शिकवणं आणि लोकांना तिकीट विकणं, दोन्ही एकाच छपराखाली. काहींना हे विसंगत वाटेल. मला यात संधी दिसते. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे, की राज्यानं चालवली तरी लॉटरी हा जुगारच. ते मान्य असेल तर विकणाऱ्यानं घेणाऱ्याला खरं सांगायला हवं. तिकिटाच्या दर्शनी बाजूला पहिल्या बक्षिसाचा आकडा जितका मोठा, तितक्याच मोठ्या मराठी अक्षरांत दोन गोष्टी छापाव्यात: या सोडतीची एकूण तिकिटं किती, आणि पहिलं बक्षीस किती जणांना. त्याच तिकिटाच्या पाठीवर डाकघरातल्या आवर्ती ठेवीची माहिती द्यावी, महिन्याला शंभर टाकले तर पाच वर्षांनी किती होतात त्यासह. त्याला वेगळा खर्च नाही, नवा कायदा नाही. मजकूर तयार करणारे आणि तिकीट काढणारे एकाच आयुक्ताचे लोक आहेत. पुढच्या दिवाळी बंपरपासून हे करता येईल.